सहाचे साटीन का होत नाही?

वाचकहो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत जे गेले असतील त्यांना तिथला आवाज ठाऊक आहे. टॉवेलचे आणि चादरीचे माग चालू असले की शेडमध्ये दोन माणसांना बोलायचे तर एकाने दुसऱ्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. म्हणून तिथली महत्त्वाची बोलणी चहाच्या टपरीवर होतात. अशाच एका टपरीवर एका माग-कामगार बंधूंनी मला थांबवले.

"जय भीम सर. तुम्ही पेपरात लिहिता, म्हणून विचारतो. आमची पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित घेतलंय. आता पुढं एम.एस्सी. करायची म्हणते, आणि त्यातसुद्धा आकड्यांचंच शिकायचं म्हणते. इकडं पाहुणे विचारायला लागलेत. तुम्हीच सांगा, आकड्यांचं शिकून पोट भरतं का?"

प्रश्न सरळ होता आणि टपरीवर उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून रविवारी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर. आई खिडकीपाशी विड्या वळत बसली होती. मुलगी समोर येऊन बसली, पण बोलेना. मग मी तिच्या वडिलांनाच विचारले, "दादा, साटीन विणता का हो?"

"पूर्वी विणलंय की."

"किती धाग्यांचं?"

"पाचाचं होतं, आठाचं होतं. सहाचं सरळ बसत नाही. आम्हाला उस्तादानं तसंच शिकवलं. का बसत नाही ते काही ठाऊक नाही, पण बसत नाही."

मुलीने मान वर केली. उठून खडू आणला आणि फरशीवर आकडे मांडू लागली. पुढचा अर्धा तास बोलण्याचे काम तिनेच केले. ती जे बोलली ते इथे आधी सांगतो, कारण आजच्या विषयाचे दार तेच आहे.

साटीनच्या विणीत धागा बराच लांब मोकळा धावतो आणि अधूनमधून एकाच ठिकाणी बांधला जातो. हे बांधणीचे ठिपके शेजारी-शेजारी आले तर कापडावर तिरकी रेघ उमटते. ते सारख्या अंतराने विखुरले तर कापड गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. समजा, ताण्याचे पाच धागे आहेत. बाण्याच्या पहिल्या फेरीत पहिला धागा बांधला. दुसऱ्या फेरीत दोन घरे पुढे जाऊन तिसरा. मग पाचवा. पुन्हा दोन घरे मोजली की पाचानंतर एक, एकानंतर दोन, म्हणजे दुसरा. मग चौथा. १, ३, ५, २, ४. पाच फेऱ्यांत पाचही धागे एकेकदा बांधले गेले, कोणी सुटला नाही, कोणी दोनदा आला नाही. आठ धागे घेऊन तीन-तीन घरे पुढे गेलात तर १, ४, ७, २, ५, ८, ३, ६. इथेही सगळे आले.

आता सहा घ्या. दोन-दोन घरे पुढे गेलात तर १, ३, ५ आणि परत १. दोन, चार, सहा हे धागे कधी बांधलेच जात नाहीत, म्हणजे ते कापडातून सुटे लोंबणार. तीन-तीन घरे गेलात तर १, ४ आणि परत १. चार-चार घरे गेलात तर १, ५, ३ आणि परत १. एक-एक किंवा पाच-पाच घरे गेलात तर सगळे धागे येतात खरे, पण ठिपके शेजारी-शेजारी पडून तिरकी रेघ उमटते, साटीन होत नाही. सगळे मार्ग संपले.

कारण काय? दोन, तीन आणि चार या तिन्ही संख्यांचा सहाशी सामाईक विभाजक आहे. पाचाशी दोनाचा नाही, आठाशी तीनाचा नाही. एकाशिवाय दुसरा सामाईक विभाजक नसलेल्या अशा दोन संख्यांना आपल्या शाळेच्या पुस्तकात 'सहमूळ संख्या' म्हणतात. म्हणजे उस्तादाचे म्हणणे खरे होते. फक्त त्याचे कारण मागाजवळ नव्हते, ते संख्यांच्या स्वभावात होते.

वडील खाली वाकून फरशीकडे बघत राहिले. "म्हणजे कुणीबी कितीबी हुशार कारागीर आला तरी सहाचं सरळ होणार नाही?" "नाही पप्पा. कधीच नाही," मुलगी म्हणाली.

वाचकहो, हे 'कधीच नाही' फार महत्त्वाचे आहे. दहादा करून पाहिले आणि जमले नाही, ही झाली अनुभवाची गोष्ट. करून न पाहताही कारणासह सांगता येते की जमणार नाही, ही झाली सिद्धता. संख्यांच्या अशा स्वभावाचा शोध घेणाऱ्या गणिताच्या शाखेला संख्या सिद्धान्त म्हणतात. आणि ही शाखा मागापर्यंत आज मी ओढून आणलेली नाही. एद्वार ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८६७ साली साटीनच्या विणीचे अंकगणित या विषयावर स्वतंत्र लेखन केले. याच ल्युकाने पुढे १८७६ साली एक ३९ अंकी संख्या मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला दुसरा विभाजक नाही, हे यंत्राच्या मदतीशिवाय सिद्ध केले. कापडाची वीण आणि संख्यांचे सर्वांत खोल प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते.

इथे एक खुलासा करणे भाग आहे. आकड्यांचा अभ्यास म्हटले की आपल्याकडे काही लोकांना जन्मतारखेची बेरीज, गाडीचा शुभ नंबर, नावातले एक अक्षर वाढवणे असले प्रकार आठवतात. ते अंकज्योतिष. त्याचा आणि या विषयाचा काडीचाही संबंध नाही. अंकज्योतिषी सांगतो, विश्वास ठेवा. गणिती सांगतो, तपासून पाहा, चूक सापडली तर मला दाखवा.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आकड्यांचे शिकून काय होते, आणि तेही एका मुलीचे? याला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका स्त्रीचे आयुष्य समोर ठेवतो. त्यांचे नाव मंगला नारळीकर. १७ मे १९४३ रोजी जन्म, १७ जुलै २०२३ रोजी पुण्यात निधन. बहुतेकांना त्या खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून माहीत आहेत. फार थोड्यांना ठाऊक आहे की त्या स्वतः संख्या सिद्धान्तात पीएच.डी. झालेल्या गणिती होत्या.

माहेरच्या त्या राजवाडे. मुंबई विद्यापीठातून १९६२ साली गणितात बी.ए. आणि १९६४ साली एम.ए. एम.ए.ला विद्यापीठात पहिल्या आल्या आणि कुलपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनासाठी प्रवेश. या संस्थेत प्रवेश मिळणे म्हणजे देशातल्या निवडक गणिती बुद्धीत गणना होणे. १९६४ ते १९६६ ही दोन वर्षे त्या तिथे होत्या. पुढे लग्न झाले. यजमान इंग्लंडमध्ये केंब्रिजला, म्हणून त्याही केंब्रिजला गेल्या. तिथे १९६७ ते १९६९ या काळात त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवले. मुली झाल्या, संसार वाढला. १९७२ साली नारळीकर कुटुंब भारतात परतले. १९७४ पासून मंगलाताईंनी टाटा संस्थेत पुन्हा संशोधन सुरू केले आणि १९८१ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

एम.ए. १९६४. पीएच.डी. १९८१. मधली वर्षे मोजा. सतरा.

ही सतरा वर्षे कुठे गेली ते प्रत्येक बाईला न सांगता कळते. त्यांनी स्वतःही ते लपवले नाही. भारतीय विज्ञान अकादमीने २००८ साली शास्त्रज्ञ स्त्रियांच्या आत्मकथनांचे 'लीलावतीज डॉटर्स' नावाचे इंग्रजी पुस्तक काढले. त्यात मंगलाताईंचाही लेख आहे. आपली कहाणी आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या स्त्रियांची प्रातिनिधिक कहाणी आहे, ज्यांनी स्वतःच्या कामापेक्षा घरची जबाबदारी नेहमी आधी ठेवली, अशा अर्थाचे त्यांनी तिथे मोकळेपणाने लिहिले आहे.

पीएच.डी.नंतरची वाटही सरळ नव्हती. १९८० च्या दशकात काही वर्षे त्या टाटा संस्थेत पूल ऑफिसर होत्या, म्हणजे कायमची जागा नव्हे. मुंबई विद्यापीठात त्यांनी अधूनमधून शिकवले. १९८९ च्या सुमारास कुटुंब पुण्याला आले आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. साठी उलटल्यावरही पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये एम.एस्सी.च्या मुलांना शिकवत राहिल्या. शिवाय मराठीत मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी 'गणितगप्पा', 'गणिताच्या सोप्या वाटा' अशी पुस्तके लिहिली.

त्यांचे संशोधन कशावर होते? त्यांच्या एका शोधनिबंधाच्या नावाचा मराठीत अर्थ होतो, 'चाळलेल्या पूर्णांकांचा सिद्धान्त'. चाळलेल्या म्हणजे आपण पीठ चाळतो तशाच. स्वयंपाकघरातला शब्द आहे, घाबरू नका.

एक ते शंभर आकडे कागदावर लिहा. एक सोडून द्या. आता दोन ठेवा आणि दोनाच्या पाढ्यातले पुढचे सगळे आकडे खोडा. तीन ठेवा, तीनाच्या पाढ्यातले पुढचे खोडा. मग पाच, मग सात. चाळणीत जे उरले त्या मूळ संख्या. शंभरापर्यंत त्या बरोबर २५ आहेत. ही चाळणी एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाच्या नावाने ओळखली जाते आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

आता चाळणी बदला. दोन, तीन, पाच, सात यांच्याऐवजी त्यांचे वर्ग घ्या, म्हणजे ४, ९, २५, ४९. यांच्या पाढ्यांतले सगळे आकडे खोडा, हे चार आकडे स्वतःसुद्धा. या चाळणीची भोके मोठी, म्हणून शंभरात (एक धरून) ६१ संख्या उरतात. आता एक गंमत पाहा. ४७ उरतो. ४८ जातो, कारण तो चाराच्या पाढ्यात आहे. ४९ जातो. ५० जातो, कारण तो पंचवीसाच्या पाढ्यात आहे. ५१ उरतो. म्हणजे ४७ नंतर सलग तीन घरे रिकामी. प्रश्न असा की, संख्या मोठ्या होत गेल्या की अशी रिकामी जागा किती लांब होऊ शकते? हवी तेवढी लांब जागा कुठे ना कुठे सापडते, हे दाखवता येते. पण तिथल्या संख्यांच्या आकाराच्या मानाने ती लहानच राहते का, आणि किती लहान, हे पक्के सिद्ध करणे फार कठीण आहे. चाळणीही एकच नव्हे, अनेक प्रकारच्या घेता येतात. पॉल एर्डॉश आणि एंड्रे सेमेरेदी या दोन हंगेरियन गणितज्ञांनी अशा प्रश्नांवर मोलाचे काम केले. सेमेरेदींना पुढे २०१२ साली आबेल पारितोषिक मिळाले, जे गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक आहे. याच दोघांच्या एका प्रमेयावर मंगलाताईंचा शोधनिबंध १९८० साली 'हार्डी-रामानुजन जर्नल'मध्ये छापून आला. घरात मुली शाळेत जाणाऱ्या आणि टेबलावर एर्डॉश-सेमेरेदींचे प्रमेय, असे ते दिवस होते.

आता या आयुष्याकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि आपल्या घराघरांत त्यांतली कोणती रुजते यावर बरेच अवलंबून आहे.

पहिली रीत अशी: पाहा, केवढी मोठी बाई, पण संसार पहिला ठेवला, मुलींना वाढवले, आणि मग सवडीने पीएच.डी. केली. म्हणजे मुलीने आधी लग्न करावे, शिक्षण काय, नंतरही होते. सत्कार समारंभांत असे बोलायला फार सोपे जाते आणि टाळ्याही पडतात.

दुसरी रीत अशी: जिच्याजवळ विद्यापीठाचे सुवर्णपदक होते, जिचा नवरा स्वतः गणितात मुरलेला शास्त्रज्ञ होता, जिचे सासरे विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, जिच्या घरी गणित हा जेवणाच्या ताटावरचा विषय होता, तिलासुद्धा सतरा वर्षे लागली आणि तरीही कायमची जागा वाट्याला आली नाही. मग ज्या घरात शिकणारी मुलगी ही पहिलीच पिढी आहे, जिला सासरी वहीसाठी कोपरा मिळेल की नाही याचीच शंका आहे, तिला 'नंतर' म्हणणे म्हणजे काय? तिच्या बाबतीत 'नंतर'चा अर्थ बहुतेक वेळा 'कधीच नाही' असा होतो. सहाच्या साटीनसारखा.

मी दुसऱ्या रीतीचा आहे. मंगलाताईंचे मोठेपण त्या थांबल्या यात नाही. थांबवे लागल्यावरही त्यांनी सूत सोडले नाही, यात आहे. त्यांच्या थांबण्याची आरती करू नये. त्या थांबण्याची किंमत किती होती ते मोजावे आणि आपल्या मुलीला ती मोजावी लागू नये असे बघावे. धागा तुटला तर गाठ मारता येते हे खरे, पण म्हणून कोणी मुद्दाम धागा तोडत नाही. हे मागावाल्यांना मी सांगण्याची गरज नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली शेवटची मोठी गोष्ट सांगतो. तिचा संबंध थेट सोलापूरशी लागतो.

मंगलाताई बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्यांच्या समितीने एक बदल सुचवला. 'सत्तावीस' या रूढ नावाबरोबर मुलांना 'वीस सात' असेही वाचायला शिकवावे. 'त्र्याण्णव'बरोबर 'नव्वद तीन'. यावर केवढा गदारोळ झाला! वर्तमानपत्रांत अग्रलेख, विधिमंडळात शेरेबाजी, मराठी बुडाली अशी ओरड. मंगलाताई शांतपणे एकच गोष्ट सांगत राहिल्या: जुनी नावे काढलेली नाहीत, दोन्ही शिकवायची आहेत. लिहिताना आपण दोन आधी लिहितो आणि सात नंतर, पण बोलताना सात आधी येतो आणि वीस नंतर. लहान मूल इथे अडखळते. त्यात जोडाक्षरे. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी बोलतात, मग एकक. ते मुलाला सोपे जाते.

ज्यांना हे हास्यास्पद वाटले त्यांनी अक्कलकोट रोडच्या आसपासच्या एखाद्या प्राथमिक शाळेत बसून पाहावे. आपल्या सोलापुरात मागावर काम करणाऱ्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या बाजूने आलेल्या घरांत कन्नड. तेलुगू घरातले मूल सत्तावीसाला 'इरवै एडु' म्हणते, म्हणजे शब्दशः वीस सात. कन्नड घरातले 'इप्पत्तेळु', तेही वीस सात. हे मूल मराठी शाळेत येते आणि 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिते. बाई म्हणतात, गणितात कच्चे आहे. घरी निरोप जातो, पोराला गणित येत नाही. खरे पाहता पोराला गणित येते. फक्त आपण आकडा उलट बोलतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आणि ज्या घरात अभ्यास घ्यायला कोणी नाही, आई विड्या वळते, बाप पाळीवर, त्या घरात हा एक छोटा गोंधळ आयुष्यभराच्या भीतीत बदलतो.

संख्यांच्या चाळणीवर शोधनिबंध लिहिणारी बाई वयाच्या शहात्तराव्या वर्षी दुसरीच्या मुलाच्या 'सत्तावीस'साठी टीका सोसत होती. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. शाळासुद्धा एक चाळणी आहे. तिची भोके कोणी ठरवली, कोणाची मुले वर राहतात आणि कोणाची गळून पडतात, हे तपासणे हेही गणितीचेच काम आहे. त्यांचा उपाय बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात. पण प्रश्न त्यांनी योग्य ठिकाणी विचारला होता.

आता त्या बंधूंना मी काय सांगितले ते लिहितो. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही.

पहिले, खोटी आशा दाखवली नाही. गणितात एम.एस्सी. झाले की लगेच प्राध्यापकाची कायम नोकरी हातात, असे आज नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत अनेक उच्चशिक्षित तरुण तासिका तत्त्वावर शिकवत आहेत आणि त्या मानधनात घर चालवणे अवघड जाते. बापाची काळजी रास्त आहे, तिला अडाणीपणा म्हणणाऱ्यांतला मी नाही.

दुसरे, वाट आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले, तेव्हापासून एम.एस्सी.साठी कोल्हापूर-पुणे गाठलेच पाहिजे असे राहिले नाही. एम.एस्सी.बरोबरच नेट किंवा सेट परीक्षेची तयारी सुरू करावी, ती अध्यापनाची पहिली पायरी. ज्यांना गणिताची खरी ओढ आहे अशा मुलांसाठी १९९३ पासून देशात एम.टी.टी.एस. नावाची उन्हाळी शिबिरे होतात, त्यांत निवड व्हावी म्हणून अर्ज करावा. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी शिष्यवृत्त्या देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी पुण्याच्या बार्टी संस्थेची अधिछात्रवृत्ती आहे. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून मुलीनेच नव्हे, घरातल्या सगळ्यांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावे. आपल्याकडे गुणवत्ता नसते म्हणून नव्हे, तर अर्जाची तारीख कळली नाही म्हणून अनेक संधी जातात.

तिसरे, हे ज्ञान शिकवण्यापुरतेच राहिलेले नाही. १९७७ साली तीन संशोधकांनी मोठ्या मूळ संख्यांवर उभी असलेली गुप्त संदेशाची एक पद्धत शोधली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या ओळखणे महाकठीण, एवढ्या साध्या गोष्टीवर ती उभी आहे. पुढे बँकांच्या आणि इंटरनेटच्या व्यवहारांना जी कुलपे लागली, त्यांत याच जातीचे गणित आले. म्हणजे संख्या सिद्धान्त शिकलेल्या मुलीला फळा आणि खडू याशिवायही दारे आहेत.

चौथे आणि शेवटचे, पाहुण्यांबद्दल. एम.एस्सी.ला दोन वर्षे लागतात. दोन वर्षांनी पाहुणे संपत नाहीत. आणि बोलणी करायचीच असतील तर हुंड्याचा आणि मानपानाचा विषय काढणाऱ्यांसमोर आपण एक विषय काढावा: मुलगी शिकत राहील, ते चालेल का? या एका प्रश्नाने पाहुण्यांचीही चाळण होते. जे उरतील त्यांच्याशी पुढे बोलावे.

ते बराच वेळ गप्प होते. मग बायकोकडे बघून म्हणाले, "तीस वर्षं माग चालवतोय. सहाचं का होत नाही ते कुणी सांगितलं नव्हतं. पोरीनं सांगितलं." आई हातातली विडी पुरी करत म्हणाली, "मग शिकू द्या की तिला." मी त्यावर काही बोललो नाही. निर्णय त्यांच्या घरचा आहे. पण निघताना पाहिले, फरशीवरचे आकडे कोणी पुसले नव्हते.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, या सदरात मी सहसा गृहपाठ देत नाही, आज देतो. रविवारी मुलांना घेऊन बसा. काडेपेटीतल्या बारा काड्या गोल मांडा. एका काडीपासून सुरुवात करून सारख्या उड्या मारत जा. एक-एकची आणि अकरा-अकराची उडी सोडून द्या, कारण त्यांत ठिपके शेजारी-शेजारी पडतात. उरलेल्यांपैकी कोणत्या उडीने बाराही काड्या एकेकदा येतात आणि कोणत्या उडीने काही काड्या सुटतात, ते मुलांना शोधू द्या. उत्तर आले की थांबू नका. 'का?' हे विचारा. आणि उत्तर आधी मुलगी देत असेल तर मुलाला जरा थांबायला सांगा.